मुद्रणस्वातंत्र्य कोणाचे?

मुद्रणस्वातंत्र्याचा विचार आपण सौंसर-पांढुर्ण्याकडील मंडळींनी नागपूरपासून सुरू करावा, हे सयुक्तिक होय. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती. तेथे १९०७ साली माधवराव सप्रे यांनी ‘हिंदी केसरी’ काढला. सप्रे दमोहकडचे, घरची भाषा मराठी. टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्याचे व्रत त्यांनी घेतले. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात सप्रे राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. घरच्यांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफी लिहून दिली व ते सुटले. एवढ्यावरून त्यांना भ्याड म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पुढे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले ते याच लेखणीने.

पण सप्रे पकडले गेले, तेव्हा ‘मुद्रणस्वातंत्र्य’ तर कायद्याने होतेच! १८३५ साली मेटकाफ यांनी परवान्याची अट उठविली होती. त्या काळी स्वातंत्र्य म्हणजे सरकारला आधी न विचारता छापण्याची मुभा, एवढाच अर्थ होता. १८७० साली दंडसंहितेत राजद्रोहाचे कलम आले. छापा खुशाल, मात्र छापल्यावर तुरुंगाची तयारी ठेवा, असा त्याचा व्यवहारातील आशय. १९१० च्या कायद्याने अनामत रक्कम मागितली आणि प्रश्न संपादकाच्या धैर्याइतकाच छापखानेवाल्याच्या ऐपतीचाही झाला. स्वतंत्र भारताच्या संविधानात वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेख नाही. भाषणस्वातंत्र्यातच ते अंतर्भूत आहे, असे न्यायालयांनी मानले. तरीही जून १९७५ मध्ये छापण्यापूर्वीची तपासणी परत आलीच. दीडशे वर्षांपूर्वीच्या परवान्याचीच ती धाकटी बहीण!

हा सारा इतिहास सरकार आणि संपादक यांच्यातला. त्यात न मावणारी एक गोष्ट १९२० सालची आहे. त्या वर्षी ३१ जानेवारीला डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ पाक्षिक निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. ज्या पत्राने मुद्रणस्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसला, त्याच्याच दारी हे घडले. यात कोणताही कायदा आडवा आला नव्हता. १९२७ साली आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले, तेव्हा लेखकांअभावी त्यातले रकानेच्या रकाने त्यांना एकट्यानेच लिहून भरावे लागत.