स्वरयंत्रच्छेदनोत्तर वाणी

कर्करोगामुळे संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकल्यावर रुग्णाला अन्य मार्गाने मिळवता येणारी वाणी. या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचे वरचे टोक मानेच्या पुढील बाजूस त्वचेला जोडून कायमचे उघडे ठेवतात. या छिद्राला स्टोमा म्हणतात. श्वासोच्छ्वास त्यातूनच चालतो; नाकातोंडाचा फुप्फुसांशी संबंध उरत नाही. जीभ, ओठ, टाळू व दात जागेवर असतात, पण ध्वनी निर्माण करणाऱ्या स्वरतंतूंचे कंपन नाहीसे होते. नाकातून हवा खेळत नसल्याने वासही फारसा येत नाही.

इतिहास : व्हिएन्ना येथील शल्यविशारद टेओडोर बिलरोट यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी केलेली शस्त्रक्रिया ही कर्करोगासाठीचे पहिले संपूर्ण स्वरयंत्रच्छेदन मानली जाते. एडिंबरो येथील पॅट्रिक वॉटसन यांनी १८६६ मध्येच ती केल्याचा दावा वादग्रस्त आहे. बिलरोट यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी त्याच रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले व १८७४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. रुग्ण काही महिनेच जगला. रोग उलटला होता.

प्रकार : (१) अन्ननलिका-वाणी : तोंडातील हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात ढकलून ती ढेकरेसारखी परत सोडायची व तेथील स्नायूंच्या कंपनावर बोलायचे. उपकरण लागत नाही, खर्च नाही. परंतु एका वेळी थोडीच हवा साठत असल्याने वाक्ये तुटक होतात. शिकण्यास महिने लागतात आणि कित्येकांना ती साधतच नाही. यशाचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत इतके वेगळे आहे की एकच आकडा देणे योग्य होणार नाही. (२) विद्युत स्वरयंत्र : मानेला टेकवून धरायचे बॅटरीवरील कंपक उपकरण. चटकन शिकता येते. आवाज एकसुरी असतो. (३) श्वासनलिका-अन्ननलिका वाणी : दोन नलिकांमधील भिंतीला छिद्र पाडून त्यात सिलिकॉनची एकेरी झडप (व्हॉइस प्रोस्थेसिस) बसवतात. स्टोमावर बोट ठेवून उच्छ्वास सोडला की फुप्फुसातील हवा अन्ननलिकेत जाते. मार्क सिंगर व एरिक ब्लोम यांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. लांब वाक्ये एका दमात बोलता येत असल्याने आज जिथे परवडते तिथे हिलाच पसंती आहे. आयात झडप महाग असते. बंगळूर येथील शल्यविशारद विशाल राव व त्यांचे सहकारी यांनी सुमारे पन्नास रुपयांची ‘ऑम’ झडप तयार केली.

मराठीतील उच्चार : अघोष व घोष वर्णांतील भेद पुसट होतो, ‘काय’ हा शब्द ‘गाय’ असा ऐकू येऊ शकतो. उच्छ्वास तोंडातून येत नसल्याने पहिल्या दोन प्रकारांत ‘ह’ विशेष कठीण जातो.

मौखिक आरोग्य : शल्यविशारदांच्या ग्रंथांत हा विषय दोन ओळींत उरकला जातो, वास्तविक झडपेचे आयुष्य बऱ्याच अंशी मुखातील जंतुसृष्टीवर अवलंबून असते. सिलिकॉनवर कँडिडा जातीच्या बुरशीचा व जीवाणूंचा थर साचतो, झडप नीट मिटत नाही आणि पाणी किंवा चहा पिताना तो श्वासनलिकेत झिरपून ठसका लागतो. झडप बदलण्याचे हे नेहमीचे कारण असून साधारणतः काही महिन्यांतच ती वेळ येते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे १९८० च्या दशकापासून या थराचा अभ्यास झाला. रोज ताक पिणाऱ्यांची झडप जास्त टिकते, हा तेथील रुग्णांमध्ये रूढ असलेला समज पुढे प्रयोगशाळेत तपासला गेला व आंबवलेल्या दुग्धपदार्थांचा काही उपयोग दिसला. मात्र त्यावरून उपचाराचा नियम झालेला नाही. झडप ब्रशने रोज साफ करणे, कवळी रात्री काढून स्वच्छ ठेवणे आणि बुरशीनाशक औषध वैद्यकीय सल्ल्याने घेणे हेच प्रचलित उपाय होत.

किरणोपचार झालेल्यांचा प्रश्न निराळा. किरणांचा मारा फक्त स्वरयंत्रापुरता असेल तर तोंड बरेचसे वाचते. मानेच्या वरच्या लसीकाग्रंथीही त्यात घेतल्या तर जबड्याखालच्या लालाग्रंथी व खालच्या जबड्याचा मागील भाग सापडतो. विश्रांतीच्या वेळची बहुतांश लाळ याच ग्रंथींतून येते. ती आटली की दात हिरडीलगत किडतात, कवळी टिकत नाही, जीभ टाळूला चिकटते आणि उच्चार बोजड होतात. मोठी मात्रा मिळालेल्या जबड्यातील दात नंतर काढल्यास हाड मृत होण्याचा धोका असतो. म्हणून वाचण्यासारखे नसलेले दात किरणोपचारापूर्वी, जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळतील अशा बेताने काढावेत. हाड मरू नये म्हणून उच्चदाब प्राणवायू देण्याची पद्धत होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होपॉन’ चाचणीत तिचा फायदा आढळला नाही. किरणोपचारानंतर फ्लोराइडचा वापर कायम चालू ठेवावा लागतो. प्रत्यक्षात दंतवैद्याकडे रुग्ण पोचतो तो बहुधा दात दुखू लागल्यावर.

मानसिक जुळवणी : मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस व सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलेली समस्याकेंद्री (अडचण सोडवू पाहणारी) व भावनाकेंद्री (तिच्यामुळे येणाऱ्या भावना सावरणारी) जुळवणीची विभागणी येथेही वापरली जाते. लोकांत जाणे, फोन घेणे टाळत राहणाऱ्यांचे जीवनमान खालावलेले आढळते. पण टाळण्यामुळे ते खालावते की खालावल्यामुळे माणूस टाळतो, हे अशा पाहण्यांवरून ठरत नाही. आवाजामुळे येणाऱ्या अडचणी मोजण्यासाठी १९९७ ची तीस प्रश्नांची ‘व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स’ ही प्रश्नावली प्रचलित आहे. मॅकनील व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ३७ निरोगी व्यक्तींना, अग्निशामक दलातील जवान व कंपन्यांतील अधिकारी यांना, आयुष्य व आवाज यांतून निवड करायला लावली. सुमारे पाचव्या हिश्श्याने आवाज राखण्यासाठी जगण्याची शक्यता कमी करणे पसंत केले. निरोगी माणसाचे उत्तर रुग्णाला लागू पडेलच असे नाही, तरी मॅकनील यांच्या या अभ्यासाचा दाखला आजही दिला जातो. ही निवड अटळ नसल्याचे पुढे दिसले : १९९१ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ३३२ रुग्णांच्या चाचणीत आधी रसायनोपचार व मग किरणोपचार दिलेल्या गटात ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले आणि दोन वर्षांचे जीवितप्रमाण या गटात व संपूर्ण छेदन केलेल्या गटात सारखेच, ६८ टक्के, राहिले. त्यानंतर संपूर्ण छेदनाची निवड मागे पडली.

स्त्री रुग्ण : बहुतेक अभ्यास पुरुषांवरील आहेत, नवा आवाज पुरुषी वाटणे ही स्त्रियांची मुख्य तक्रार असते.

महाराष्ट्र : शस्त्रक्रिया व पुनर्वसनाचे जुने केंद्र मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१). वाचा-श्रवण तज्ज्ञांचे प्रशिक्षण वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत चालते. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. मात्र स्वरयंत्राच्या कर्करोगाचा संबंध प्रामुख्याने विडी-सिगारेट व मद्य यांच्याशी आहे.

आणीबाणी : रुग्ण बेशुद्ध पडल्यास प्राणवायू व कृत्रिम श्वास नाकातोंडाला न देता मानेवरील छिद्रातून द्यावा.