इंजिन तेच, पेट्रोल वेगळं

पावसाळ्यात रायगडच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या दिसतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मग पाण्यात उतरायचं, ही कोळ्यांची जुनी रीत. सरकारी मासेमारीबंदी नंतरची. २०१५ पासून यांत्रिक नौकांसाठी ती ६१ दिवसांची झाली, १ जून ते ३१ जुलै.

शिडाच्या होडीला ही सुट्टी मानवते. (राजापुरीहून जंजिऱ्याला गेला असाल तर शीड अजून कामावर आहे हे पाहिलंच असेल.) होडीच्या मागे टांगलेल्या पेट्रोलच्या मोटरला, म्हणजे आउटबोर्डला, ती मानवत नाही. ऑगस्टमध्ये दोरी ओढली की ती सुरू होते, पण खोकते, थरथरते आणि वेग कमी केला की बंद पडते.

हे यंत्र तसं साधं. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत दीड हॉर्सपॉवरची मोटर विकायला काढली आणि आउटबोर्डचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. जुन्या टू-स्ट्रोक मोटरीला तेव्हापासून तीनच गोष्टी लागतात: इंधन, ठिणगी आणि कॉम्प्रेशन. त्यामुळे दोष शोधायचा क्रमही तोच. फुल थ्रॉटलला नीट आणि मंद चालताना अडखळते? कार्बोरेटरचं आयडल जेट तुंबलंय. नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबल्यावर सुधारते? फ्युएल पंपाचा पडदा गेलाय किंवा नळी हवा खातेय. दोन सिलिंडरांपैकी एकाचाच प्लग ओला आणि काळा? तो सिलिंडर पेटतच नाही. प्लग बदलूनही तेच असेल तर कॉम्प्रेशन मोजायचं.

पण कालपर्यंत चालणारी गोष्ट आज का चालत नाही, असं कुणी विचारलं की आपण प्रोग्रामर लोक आधी एकच विचारतो: काय बदललं? इथे कोड तोच आहे, खालची लायब्ररी बदलली.

महाराष्ट्रासह नऊ राज्यांत २००३ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं. २०२२ मध्ये देशाने सरासरी १० टक्के गाठले, २०२३ मध्ये ई-२० पंपावर आलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचं लक्ष्यही गाठलं. उसाच्या राज्यात याचं कौतुक असणं साहजिक आहे. मात्र इथेनॉल पाणी ओढतं. १० टक्क्यांच्या मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, म्हणजे १० लिटरला जेमतेम ५० मिली. ई-२० मध्ये थोडं जास्त मावतं, इतकंच. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि मोटर तळातूनच पिते. टू-स्ट्रोकचं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. म्हणजे मोटर अडखळतेच, शिवाय आतून कोरडी घासली जाते. नव्या गाड्यांची इंजिनं सेन्सर वापरून मिश्रण जुळवून घेतात. जुन्या कार्बोरेटरचं भोक जेवढं होतं तेवढंच राहतं, आणि त्यातले जुने रबरी भाग इथेनॉलने फुगतात ते वेगळंच.

रस्त्यावर गाडी बंद पडली तर बाजूला घेता येते. खाडीच्या तोंडाशी मोटर बंद पडली की होडी लाटांना आडवी होते.

उपाय स्वस्त आहे. मे महिन्यातच टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे, मोटर गोड्या पाण्याने धुवायची आणि ऑगस्टमध्ये ताजं पेट्रोल, ताजं ऑइल. तरीही खोकली, तर आधी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवा. तळाशी रेघ दिसली तर कार्बोरेटर उघडण्याआधीच उत्तर मिळालं!