मायकोप्लाझ्मा न्यूमोनिया, तीव्र : मुले व प्रौढ

मायकोप्लाझ्मा न्यूमोनिई या जीवाणूमुळे होणारा फुप्फुसदाह. या जीवाणूला कोशिकाभित्ती नसल्याने पेनिसिलिन वर्गातील औषधे त्यावर चालत नाहीत. १९६० च्या दशकापर्यंत तो विषाणूच समजला जाई. आजार बहुधा सौम्य, शाळकरी वयात सर्वाधिक.

तीव्र रूपात मुलाचा ताप औषध चालू असूनही आठवडाभर हटत नाही. फुप्फुसाचा एखादा खंड घट्ट होतो, छातीत पाणी साठते. कधी श्वासनलिकेत फांद्यांच्या आकाराचे चिवट साचे अडकतात. ते दुर्बिणीने काढावे लागतात. ओठ व तोंड सोलवटणे, क्वचित मेंदूदाहही होतो. यात जंतूइतकाच प्रतिकारशक्तीचा अतिरेक कारणीभूत असतो. म्हणून स्टेरॉइड देतात.

प्रौढांत तीव्र रूप विरळ, पण दोन्ही फुप्फुसे व्यापून श्वसन निकामी करू शकते. वयामुळे या जंतूची शंका उशिरा येते आणि निरुपयोगी प्रतिजैविकांत मोलाचे दिवस जातात. हा उशीर टाळता येण्याजोगा आहे. या आजारावर सहसा दिल्या जाणाऱ्या अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू चीन-जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळले आहेत. अशा वेळी प्रौढांना डॉक्सिसायक्लिन सहज देता येते; आठ वर्षांखालील मुलांना दातांवर डाग पडण्याच्या भीतीने ते जपून देतात.