रिग्गेन, हाना
(२१ मार्च १८९४–२ फेब्रुवारी १९७०). समकालीन राजकीय घटना व त्यांतील बळींचे जीवन विणकामातून मांडणारी स्वीडिश-नॉर्वेजियन तंतुकलावंत (पहा : चित्रजवनिका). जन्म स्वीडनमधील माल्मो येथे. प्रारंभी चित्रकलेचे शिक्षण. चित्रकार हान्स रिग्गेन यांच्याशी विवाहानंतर १९२४ पासून नॉर्वेतील अर्लान येथे शेतीवर वास्तव्य. पतीने बनविलेल्या उभ्या मागावर त्या पूर्वरेखाटनाशिवाय थेट विणत. लोकर घरीच कातून ती वनस्पतिज रंगांनी रंगवीत, निळ्या रंगासाठी आंबवलेले मूत्र वापरीत (पहा : नीळ, रंजनक्रिया). सपाट, ठळक आकृती व एकाच पटावर अनेक प्रसंगांची मांडणी ही त्यांची वैशिष्ट्ये होत.

‘इथिओपिया’ (१९३५) इटलीच्या आक्रमणावर आहे. नाझींनी १९३८ मध्ये शिरच्छेद केलेल्या लीझेलॉटे हेर्मान यांची स्मृती त्यांनी त्याच वर्षी विणली. ‘६ ऑक्टोबर १९४२’ मध्ये त्रोन्हाइममधील नाट्यसंचालक हेन्री ग्लेडिच यांच्या हत्येचे चित्रण आहे. ‘आपण एका ताऱ्यावर राहतो’ (१९५८) या कृतीची ओस्लोतील २०११ च्या बाँबस्फोटात हानी झाली.

व्हेनिस द्वैवार्षिकीत (१९६४) त्यांच्या कृती प्रदर्शित झाल्या. त्रोन्हाइमच्या उपयोजित कला संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. उपयोजित कला मानल्या गेलेल्या विणकामाला त्यांनी सार्वजनिक स्मारकाचे व राजकीय साक्षीचे कार्य दिले.