वायपरचा दांडा
वायपरचा दांडा (प्रचलित नाव: वायपर आर्म) हा मोटारगाडीच्या पुढील काचेवरील पाणी पुसणाऱ्या यंत्रणेचा एक भाग होय. त्याचे एक टोक मोटरच्या साहाय्याने अर्धवर्तुळात हलणाऱ्या स्पिंडलवर घट्ट बसविलेले असते. दुसऱ्या टोकाला रबरी पाते असते. काच बदलताना, बोनेटमागील पत्रा रंगविताना किंवा स्पिंडलभोवतीचे झिजलेले रबर बदलताना हा दांडा काढावा लागतो. जुन्या गाडीत तो गंजाने धरलेला असतो व ओढाताणीत काच तडकण्याचा धोका असतो.

रचना
अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना १९०३ साली ज्या काचपुसणीचे पेटंट मिळाले, ती आतून हाताने चालवावयाची असून गरज नसेल तेव्हा सहज काढून ठेवता येत असे. पुढे मोटर आली, दांडा कायमचा जागेवर बसला आणि ही सोय मागे पडली.

स्पिंडलच्या टोकाला बारीक उभे दाते असतात. मॉरिस मायनर, मिनी यांसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत दांडा या दात्यांवर नुसता दाबून बसविलेला असून एक लहान पोलादी क्लिप त्यास अडवून धरते. इतर बहुसंख्य गाड्यांत झाकणाखाली नट असतो.

दांडा अडकण्याची कारणे
दांड्याचे मूळ बहुधा ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे, तर स्पिंडल पोलादाचे असते. दोन भिन्न धातूंच्या सांध्यात पाणी शिरले की विद्युत-रासायनिक क्षरण सुरू होते. त्यातून निर्माण होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते आणि सांधा पाचर ठोकल्यासारखा आवळला जातो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते.

काढण्याची पद्धत
वायपर बंद करून पाती विश्रामस्थितीत आणावीत आणि बॅटरीची तार सोडवावी. पात्याच्या जागी काचेवर चिकटपट्टी लावून खूण करावी. डावा व उजवा दांडा पुष्कळदा सारखे नसतात, म्हणून तीही नोंद ठेवावी. क्लिपचा दांडा असल्यास तो काचेपासून उचलून, क्लिप बारीक स्क्रू-ड्रायव्हरने मागे सारावी व दांडा सरळ वर ओढावा.

नटाच्या प्रकारात नट पूर्ण न काढता काही आटे सैल करून तसाच ठेवणे शहाणपणाचे. त्यामुळे स्पिंडलचे आटे सुरक्षित राहतात आणि दांडा एकाएकी सुटून उडत नाही. सांध्यात गंज सोडविणारे तेल घालून काही तास थांबावे. त्यानंतर दांडा हळूहळू डावी-उजवीकडे हलवावा. तरीही न सुटल्यास दोन पायांचा लहान पुलर लावावा: त्याचे पाय दांड्याच्या मुळाखाली अडकतात व मधला स्क्रू स्पिंडलला खाली रेटतो. पत्र्यावर टेकवून पेचकसाची तरफ करणे किंवा स्पिंडलवर हातोडी मारणे हे सर्रास आढळणारे, पण घातक उपाय आहेत. पहिल्याने रंग जातो, दुसऱ्याने आतील जोडदांडे व मोटरचे गिअर बिघडतात. ज्योतीने तापविल्यास भोवतालचे रबर जळते. त्याऐवजी गरम पाण्यात भिजविलेले फडके मुळाशी गुंडाळतात. थंड काचेवर मात्र कढत पाणी ओतू नये. उचललेल्या दांड्याची स्प्रिंग जोरदार असते, म्हणून काचेवर जाड कापड अंथरलेले असावे.

पुन्हा बसविणे
दाते तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर थोडे ग्रीस लावतात. दांडा एका दात्याने जरी सरकला, तरी पात्याची फेर बदलते व ते काचेच्या चौकटीवर आपटू शकते. म्हणून नट बेताने आवळून, ओल्या काचेवर वायपर फिरवून पाहिल्यानंतरच तो पक्का करतात.