कलमाचा प्रवास : गोव्यापासून मुरबाडपर्यंत

"हापूसचे कलम म्हणून लावले, सात वर्षे सांभाळले आणि आंबा लागला तो रेषाळ, रायवळ!" शहापूर-मुरबाडकडे ही तक्रार कानावर येते. दोष बहुधा रोपवाटिकेला दिला जातो. तो कधी खराही असतो. पण पुष्कळदा येथे फसवणारा कोणीच नसतो. मग हापूसचा रायवळ झाला कसा? हे समजण्यासाठी कलमाचा इतिहास पाहावा लागेल.

आंब्याची कोय पेरली तर मूळ झाडासारखेच झाड मिळेल असे नाही. आपल्याकडील बहुतेक जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो. तो फलनातून तयार होतो आणि परपरागणामुळे त्यात दोन झाडांच्या गुणांची सरमिसळ होते. म्हणूनच बांधावरचे साखऱ्या, खोबऱ्या, शेप्या हे रायवळ आंबे एकमेकांसारखे नसतात. असे एखादे गोड झाड वठले की त्याची चवही कायमची संपते.

यावर उपाय म्हणजे कलम. एका रोपाच्या खुंटावर आवडत्या झाडाची काडी बसवायची. दोघांच्या सालीखालील वाढते थर जुळले की मुळे एकाची आणि फळे दुसऱ्याची, असे झाड तयार होते. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त फणस, जांभूळ इत्यादी झाडांच्या संदर्भात तिचे वर्णन आढळते. आंब्यात मात्र ती मोठ्या प्रमाणावर रुजली गोव्यात, पोर्तुगीज अमलात. त्याचे श्रेय जेझुइट पाद्र्यांना दिले जाते.

'हापूस' हे नाव १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अल्फान्सो द अल्बुकर्कवरून पडले, असे सर्रास सांगतात. परंतु निकोलाव मनुची या व्हेनिसहून आलेल्या प्रवाशाने गोव्याच्या उत्तम आंब्यांची जी नावे नोंदविली, त्यांत 'निकोलाव आफोन्सो' हेही एक आहे. तेव्हा नावामागचा माणूस कदाचित दुसराच असेल. एवढे खरे, की आंब्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकायचे तर झाडही जसेच्या तसे टिकले पाहिजे. ते काम कलमाने केले.

पूर्वी रूढ होते ते भेट कलम. कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ नेऊन बांधायचे आणि सांधा जुळला की फांदी तोडायची. हे काम सावकाश चाले व कलमेही मोजकीच मिळत. पुढे कोकणात कोय कलम रूढ झाले. कोय उगवून आलेल्या पंधरा-वीस दिवसांच्या कोवळ्या रोपावर पाचरीसारखी तासलेली काडी बसवून प्लॅस्टिकची पट्टी बांधतात. त्यामुळे कलमे भराभर व स्वस्तात होऊ लागली. १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली आणि कलम कोकणच्या किनाऱ्यापासून दूर, वरकस जमिनीवरही पोहोचले.

शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर मात्र त्याची गाठ पाण्याशी पडली. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांतच, आणि मुरमाड उतारावर पाणी टिकत नाही. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, भातसाचेही जाते. त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जेथे पिण्याचा हंडाच दुरून आणावा लागतो, तेथे कलमाच्या वाट्याला किती पाणी येणार?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. एप्रिलच्या उन्हात हापूसची काडी वाळते, परंतु खालचा रायवळ खुंट चिवटपणे जगतो. पावसाळ्यात त्याला सांध्याखालून फूट येते. "कलम जगले!" म्हणून घरातील माणसे हरखतात. प्रत्यक्षात जगलेला असतो तो रायवळ. हे उघड होते सात वर्षांनी, फळ लागल्यावर.

म्हणून पहिली तीन वर्षे निर्णायक असतात. दहा-दहा मीटर अंतरावर मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवावेत. पावसाच्या आरंभी कलम लावताना सांधा मातीच्या वर ठेवावा व त्याखालची फूट दिसताच काढावी. बुंध्याजवळ पुरलेल्या सच्छिद्र मडक्यातून थोडे पाणी सावकाश मुळांना मिळते. पेंढ्याच्या आच्छादनाने ते अधिक टिकते. शेळ्यांसाठी कुंपण हवे आणि वणव्यासाठी भोवतालचे गवत काढलेले हवे. सुरुवातीच्या वर्षांतील मोहर खुडावा. नाहीतर रोपाची शक्ती फळांत जाते.

२०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड व पालघरबरोबर ठाणे जिल्हाही आहे. मुरबाडच्या वाडीतल्या हापूसलाही हे नाव लावण्याची वाट त्यामुळे खुली आहे. मात्र ते झाड सांध्याच्या वरचे असले पाहिजे. आणि त्याला उभे करणारे मूळ रायवळचे आहे, हेही विसरू नये. बांधावरचे रायवळ तोडत गेलो तर नवे खुंट आणणार कोठून?

शाळेत हा धडा सहज करता येईल. जूनमध्ये मुलांकडून रायवळ कोयी गोळा करून पेराव्यात आणि जाणत्या माळ्याच्या मदतीने कोय कलम बांधावे. सांध्यावर रंगाची खूण करून दर महिन्याला फूट वरून आली की खालून, याची नोंद वहीत ठेवावी. पाणी किती घातले, हेही लिहावे. उन्हाळ्याच्या सुटीत पाणी कोण घालणार, हे मात्र कलम बांधण्यापूर्वीच ठरवावे.