४९ टक्के, ३६ टक्के आणि मधले ८१ रुग्ण

पायाच्या फाटलेल्या धमन्यांबद्दल काहीही वाचायला घ्या, १९४६चा एक पेपर तुम्हाला भेटणारच. डिबेकी आणि सिमिओन यांचा. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या हातापायांतल्या धमन्यांच्या २,४७१ जखमांचा हिशोब त्यात आहे.

त्यातले दोन आकडे सगळेच उचलतात. धमनी नुसती बांधून टाकली, तर साधारण ४९ टक्के जणांचा हात किंवा पाय कापावा लागला. शिवून दुरुस्त केली, तर ३६ टक्के. म्हणजे शिवणं चांगलं, झालं सिद्ध! जरा थांबा. शिवलेल्या केसेस किती होत्या बघा. ८१. अडीच हजारांत फक्त ८१, आणि त्याही कुणी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या. जखम शिवण्याजोगी असेल तरच सर्जन सुई हातात घेणार ना? सिलेक्शन बायस म्हणतात तो हाच.

बरं, तंत्र नव्हतं असंही नाही. अलेक्सिस कारेलने धमन्या जोडण्याची पद्धत १९०२मध्येच मांडली होती, त्यासाठी १९१२चं नोबेलही मिळालं. १९०६मध्ये माद्रिदला गोयानेसने गुडघ्यामागची खराब धमनी काढून तिथे शेजारचीच शीर वापरली होती. नव्हता तो वेळ. जखमी सैनिक टेबलावर यायला सरासरी दहा तासांहून जास्त लागत, तोवर स्नायू मरायला लागलेले असत. खुद्द डिबेकी-सिमिओन धमनी बांधण्याला नाइलाजच म्हणतात. पुढे मात्र अनेकांनी त्यालाच शिफारस मानलं. (मूळ पेपर न वाचता सायटेशन देण्याची खोड जुनी आहे!)

कोरियाच्या युद्धात ह्यूज, जान्के, स्पेन्सर यांनी धमन्या शिवायला घेतल्या आणि अवयव कापण्याचं प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. पण सगळं श्रेय सुईला देऊ नका. हेलिकॉप्टर, आघाडीजवळची शस्त्रक्रिया रुग्णालयं, रक्त, अँटिबायोटिक्स, सगळं एकाच वेळी हाताशी होतं. कशाचा वाटा किती, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा आकडा. व्हिएतनाममधल्या १,००० केसेस नॉर्मन रिच यांनी १९७०मध्ये छापल्या. एकूण प्रमाण पुन्हा १३च्या आसपास, पण गुडघ्यामागच्या पॉप्लिटियल धमनीचं जवळजवळ ३०. सरासरीत हे दडून जातं. तिथे पर्यायी वाहिन्या बारीक, हाड आणि शीरही बहुतेकदा सोबतच जखमी, आणि रक्त परत सुरू झालं की पोटरी सुजून आतला दाब वाढतो. म्हणून रिच शीरही दुरुस्त करा असा आग्रह धरू लागले. पोटरीचं आवरण कापून दाब मोकळा करणं, म्हणजे फॅसिओटॉमी, हाही या शस्त्रक्रियेचाच भाग होत गेला.